लाखोरीचं पाणी

खुशाल हातझाडे माझ्या छापखान्यात पहिल्यांदा आला तो १९७७ च्या दिवाळीनंतर. आल्या आल्या म्हणाला, त्याच्या गावच्या एका माणसाची मुलाखत पेपरात छापून यायला पाहिजे.

मी तेव्हा भंडाऱ्यात 'गावशीव' नावाचं चार पानी साप्ताहिक काढत होतो. बातम्या मीच लिहायचो, छपाईचे खिळे मीच जुळवायचो, आणि गुरुवारी छपाई झाली की अंकांचे गठ्ठे बांधून लाखनी, साकोली, तुमसरच्या एस.टी.वर चढवायचो. खुशाल लाखनीहून दोन कोस आत असलेल्या खैरटोल्याचा. चौथी शिकलेला. स्वतःच्या धानाच्या दोन बांध्या आणि बाकी दिवस दुसऱ्याच्या शेतावर. त्याच्या गावात माझे अकरा अंक जायचे. दहा ज्याचे त्याला पोचवून अकरावा तो पारावर बसून मोठ्यानं वाचायचा, पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या मुद्रकाच्या नावापर्यंत. गावातल्या बहुतेकांसाठी पेपर म्हणजे खुशालचा आवाज होता.

ज्याच्या मुलाखतीसाठी तो आला होता तो इश्वर निंबार्ते. दोघं एका पाटीवर शिकलेले. इश्वर पुढे लाखनीला गेला, मग नागपूरला, आणि तिथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागला. खुशाल सांगत होता, "इश्वर लाखोरीवर शोध लावून राहिला. दोन साल झाले, आमच्याच गावातून पोते नेते. काय निंगलं ते आमालेच मालूम नाई."

लाखोरी म्हणजे लाखेची डाळ; तिच्याबद्दल आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. धान कापायला यायच्या आधी उभ्या बांधीतच तिचं बी फेकून पेरतात. जमिनीत उरलेल्या ओलीवर उगवते, नांगर मागत नाही, पाणी मागत नाही. मजुराला मजुरीत लाखोरी, घरात वरण लाखोरीचं, वडे लाखोरीचे. आणि तिच्याबद्दलची भीतीही सगळ्यांना ठाऊक. फार खाल्ली की पाय जातात. माणूस चालता चालता एक दिवस पोटऱ्या धरून बसतो आणि नंतर कायमचा काठीवर येतो. कायद्यानं विकायला बंदी होती. पण बंदी भंडाऱ्याच्या बाजारात होती, खैरटोल्याच्या चुलीवर नव्हती.

मी नागपूरला गेलो. इश्वर चौतिशीचा, सडपातळ, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. मला बसायला खुर्ची दिली, पण स्वतः उभाच राहिला. त्याच्या साहेबांना वर्तमानपत्रवाले आवडत नव्हते आणि त्याचा लेख इंग्रजी नियतकालिकाकडे गेलेला होता. तो छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असा दंडक होता. तरी गावाकडचा माणूस म्हणून त्यानं मला वीस मिनिटं दिली.

त्या वीस मिनिटांत तो जे बोलला ते मी आजही पाठ म्हणू शकतो, कारण ते मला कळलं नव्हतं. सदर द्विदल धान्यातील विषांश जलविद्राव्य असल्यामुळे योग्य उष्णतेवर वारंवार उत्क्षालन केल्यास त्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या न्यून होते, तथापि. या 'तथापि'च्या पुढे बरंच काही होतं. माझी पेन्सिल तिथपर्यंत पोचली नाही. उत्क्षालन म्हणजे काय, असं मी विचारलं. घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "धुणं."

तो गर्विष्ठ नव्हता. हे मला नंतर कळलं. आपण साधं बोललो तर आपलं शिक्षण खोटं ठरेल, अशी त्याला धास्ती होती. मी पण त्या वेळी मान हलवत बसलो. न समजलेलं पुन्हा विचारलं तर हा आपल्याला खेड्यातला पेपरवाला समजेल, असं मला वाटलं.

भंडाऱ्याला येऊन बातमी लिहिली आणि तीन ठिकाणी अडलो. मजकुराची एक प्रत काढली, तीन जागा रिकाम्या सोडल्या आणि खाली तीन प्रश्न लिहिले. पाणी थंड की गरम? किती वेळा धुवायची? धुतल्यावर रोज पोटभर खाल्ली तर चालेल का? परतीचा लिफाफा तिकीट लावून आत ठेवला आणि पोस्टात टाकला.

पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला. खुशाल दर आठवड्याला गठ्ठा घ्यायला लाखनीला येई आणि एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवी की इश्वरचं कधी येणार. तिसऱ्या गुरुवारी पहिलं पान अर्धं रिकामं होतं. मी तीन रिकाम्या जागा वाक्यं जोडून बुजवल्या. तिथे खोटं काही लिहिलं नाही, फक्त जे माहीत नव्हतं ते गाळून टाकलं. आणि वर मोठ्या टायपात मथळा बसवला: 'लाखोरी धुवा आणि खुशाल खा! खैरटोल्याच्या सुपुत्राचा शोध.'

तो अंक संपला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच परत छापावा लागला. खुशालनं पारावर तो चार वेळा वाचला म्हणे. मथळ्यात आपलंच नाव घातलं म्हणून तो महिनाभर हसत होता. बातमी कापून त्यानं घराच्या दाराला आतून खळीनं चिकटवली.

इश्वरनं ती वाचली. त्याला राग आला, आणि त्यानं दुरुस्तीचं पत्रही लिहिलं, पण पाठवलं नाही. साहेबांनी सांगितलं की साप्ताहिकांच्या नादाला लागू नका, उत्तर दिलं की तुम्ही मुलाखत दिली हे सिद्ध होतं. इश्वरनं पत्र फाडून टाकलं. इंग्रजी लेख पुढच्या वर्षी छापून आला. बारा पानं, त्यात चार तक्ते. पाणी गरम असावं, तीनदा बदलावं, आणि तरीही लाखोरी जेवणात थोडीच असावी, हे सगळं त्यात होतं. खैरटोल्यात त्याची प्रत गेली नाही, आणि गेली असती तरी खुशालला वाचता आली नसती.

१९७९ ला पाऊस दगा देऊन गेला. लाखनीच्या बाजूला तलाव अर्धेही भरले नाहीत, धान बांधीतच वाळलं. लाखोरी मात्र आली, ती अशाच वर्षी येते. लोकांच्या घरात दुसरं काही नव्हतं. पेपर नसता तरी त्या वर्षी त्यांनी लाखोरीच खाल्ली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. ते अर्धंच खरं आहे. आधी माणसं तिला भीत होती. भीतीनं का होईना, एक वेळ कण्या, एक वेळ मोहफुलं, एक वेळ लाखोरी असं करत होती. त्या वर्षी खैरटोल्यात ती भीती उरली नव्हती. खुशालच्या बायकोनं, रुखमानं, दारावरच्या कागदाप्रमाणे लाखोरी विहिरीच्या थंड पाण्यानं धुतली, आणि मग शिजवताना जे पाणी सुटलं ते सगळं त्यातच आटवलं. दोन्ही वेळ, चार महिने.

वैशाखाच्या अखेरीस खुशालचं पोस्टकार्ड नागपूरला गेलं. ते मी पुढे बघितलं. त्यात गावचं क्षेमकुशल होतं, तळ्याच्या पाण्याचं होतं, आणि शेवटी एक ओळ होती की माझे पाय आखडून राहिले, धुऊनच खात होतो, तर आणखी काय करावं ते लिहिजो.

इश्वर दुसऱ्या दिवशी निघाला. आधी माझ्याकडे आला. मी खिळे जुळवत होतो. दारात उभं राहून त्यानं पोस्टकार्ड माझ्यापुढे धरलं. मी ते वाचलं आणि मला वाटलं, आता हा मला बोलेल, आणि मी त्याला बोलेन की तीन आठवडे वाट बघितली होती. ते भांडण मी दोन वर्षं मनात तयार ठेवलं होतं.

पण तो खाली बसला आणि म्हणाला, "तुमचा लिफाफा मला मिळाला होता."

मी हातातला खिळा खाली ठेवला.

"उत्तरं मला तिथल्या तिथे माहीत होती, भोजराजजी. तीन ओळी लिहायच्या होत्या. लेख मंजूर झाला की लिहू म्हटलं. मग तुमचा अंक आला, तेव्हा वाटलं, आता चूक त्यांची झाली, आपण मोकळे झालो." मग तो म्हणाला, "मला खरंच बरं वाटलं होतं हो, चूक तुमची झाली म्हणून."

आम्ही दोघं दुपारच्या गाडीनं लाखनीला गेलो आणि तिथून पायी. बांध्या कोरड्या पडल्या होत्या आणि काही ठिकाणी लाखोरीचा कुटार, मळणीनंतरचा भुसा, तसाच पसरलेला होता.

खुशाल अंगणात बाजेवर बसला होता. इश्वरला बघून उठायला गेला. दोन काठ्या लागल्या. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, गुडघे एकमेकांवर घासत होते आणि पाऊल टाकताना एक पाय दुसऱ्याच्या वाटेत येत होता. चार पावलं चालून तो आमच्यासमोर उभा राहिला, आणि हसला. तेवढ्यानंही त्याला घाम फुटला होता. त्याचं वय छत्तीस.

रुखमानं पाणी दिलं. इश्वरनं खुशालच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, गुडघ्यावर बोटानं ठोकून बघितलं. काय बघायचं ते त्याला माहीत होतं. बरं होईल का, असं खुशालनं विचारलं. त्या वेळी त्याला ते जड शब्द वापरता आले असते. त्याच्याजवळ होते ते.

तो म्हणाला, "नाई होत, खुशाल. पुढे वाढनार नाई. पन गेलं ते परत येत नाई."

कितीतरी वर्षांनी तो गावच्या बोलीत बोलला होता, हे माझ्याही लक्षात आलं आणि रुखमाच्याही. ती आत निघून गेली.

खुशालनं काठ्या बाजेला टेकवून ठेवल्या. मग म्हणाला की गावात आणखी दोघांना तसंच झालं आहे, जागेश्वर आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघं त्याच्याकडूनच ऐकून खात होते. त्यांच्या घरासमोरून जायला आता त्याला नको वाटतं. इश्वरनं मग सगळं सांगितलं. पाणी उकळतं पाहिजे होतं. डाळ त्यात भिजवून ते पाणी फेकायचं होतं, असं तीनदा. तरीही रोज खायची नव्हती. पेपरात ते आलं नाही, कारण त्यानं मला कळवलं नाही.

"मी पण परत इचारलं नाही," मी म्हणालो. "गेलो असतो नागपूरले, त झालं असतं."

खुशालनं दोघांकडे पाळीपाळीनं बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पुढची वर्षं मला सोपी गेली असती.

"पेपर नाई छापला असता तरी चाललं असतं," तो इश्वरला म्हणाला. "तू एक डाव येऊन, इथं चुलीवर पान्याचा गंज ठेवून दाखवलं असतं, त मी कायले चुकलो असतो? पोते नेयाले त तू येतच होता."

इश्वर खाली मान घालून बसला होता. दाराच्या आतल्या बाजूला बातमीचा कागद पिवळा पडून अजून चिकटलेला होता. जाताना मी तो नखानं काढायला लागलो, तर रुखमा म्हणाली, "राहू द्या भाऊ. ते आता निंगत नाई."

पुढच्या आठवड्यात मी दुरुस्ती छापायचं ठरवलं. इश्वर रजा काढून भंडाऱ्यात राहिला. पहिला मजकूर त्यानं लिहिला तो मीच परत केला. दुसऱ्यातही 'विषांश' होता. तिसरा मला बरा वाटला. छापणार तेवढ्यात इश्वर म्हणाला की तो आपल्याला कळतो, पण वहिनींना कळतो का ते बघू. आम्ही कागद घेऊन परत खैरटोल्याला गेलो.

रुखमाला ऐकवायचं म्हणजे इश्वरची परीक्षाच होती. त्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, समजलं का? ती म्हणाली, समजलं. मग खुशाल बाजेवरून म्हणाला, "असं नोको इचारू. काय समजलं ते सांगाले लाव." तिनं सांगितलं ते असं: लाखोरी गरम पाण्यात भिजवायची आणि शिजवायची. पाणी फेकायचं हे राहूनच गेलं होतं. कागदावर ते होतं, पण तिसऱ्या वाक्याच्या पोटात.

इश्वरनं ते वाक्य उचलून सगळ्यात वर आणलं. परत वाचलं. या खेपेला तिनं विचारलं, "हे पानी ढोराले द्याचं का? भाताची पेज त आमी देतो." इश्वरनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या बारा पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. प्रयोगशाळेत पाणी मोरीत जात होतं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मले नक्की मालूम नाई, वहिनी. म्हून देऊ नका." एखादा शास्त्रज्ञ मला माहीत नाही असं म्हणाला, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि तेच वाक्य लोकांना सगळ्यात खरं वाटलं, हे नंतर बाजारात दिसलं.

चौथ्या खेपेला तिनं सगळं बरोबर सांगितलं. तो मजकूर सतरा ओळींचा होता. मी तो पहिल्या पानावर छापला, वर लिहिलं की दोन वर्षांपूर्वी याच पानावर आम्ही चुकीचं छापलं होतं, आणि खाली माझं नाव टाकलं. इश्वर म्हणाला, त्याचंही टाका. मी साहेबांची आठवण करून दिली. तो म्हणाला, टाका.

तो अंक संपला नाही. पहिल्या बातमीनं जेवढा गाव हलला त्याच्या चौथा हिस्साही दुरुस्तीनं हलला नाही. म्हणून इश्वर लाखनीच्या आठवडी बाजारात बसू लागला. चूल, पितळी गंज, शेरभर लाखोरी. पाणी उकळवायचं, डाळ टाकायची, पाणी पिवळं झालं की नालीत ओतायचं, परत नवं पाणी. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं की हा काही विकायला बसला आहे. चवच जाते, असं बायका म्हणायच्या, आणि तो मान्य करायचा की चव जाते. सरपण किती जाळायचं, असं एका म्हातारीनं विचारलं. पुढच्या बाजाराला तो उत्तर घेऊन आला: रात्री चूल विझवताना निखाऱ्यावर पाणी तापत ठेवा. हे त्याला रुखमानं सांगितलं होतं.

कधी कधी खुशाल बैलगाडीत बसून यायचा. इश्वरच्या शेजारी काठ्या आडव्या ठेवून बसायचा. इश्वरला ते आवडत नव्हतं, आपण त्याला दाखवायला आणून बसवलं आहे असं वाटायचं. पण खुशाल ऐकत नव्हता. लोक जवळ आले की तो फक्त उठून चार पावलं चालून दाखवायचा आणि परत बसायचा. त्या चार पावलांनी जे कळायचं ते माझ्या सतरा ओळींनी कळलं नसतं, आणि इश्वरच्या गंजानंही नाही. मी ते बघत उभा असायचो आणि मला लाज वाटायची. कोणाची, ते नीट सांगता येत नाही.

नागपुरात इश्वरकडून लेखी खुलासा मागवला गेला. परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी संबंध, रजेत सार्वजनिक प्रदर्शन. त्यानं खुलासा लिहिला त्यात खुशालचं नाव होतं, म्हणून साहेबांनी तो व्यक्तिगत म्हणून परत केला. त्याच्या मागून आलेले दोघं त्याच्या पुढे गेले. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला की साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनाही कुणीतरी गप्प बसायलाच शिकवलं होतं.

खैरटोल्यात त्यानंतर नवा कुणी पडला नाही. आजूबाजूच्या काही गावांतही नाही. हे आमच्यामुळे झालं की १९८० नंतर धान बरं आलं म्हणून झालं, असं मी विचारलं तर इश्वर म्हणायचा, सांगता येत नाही. मी ते छापायचो: सांगता येत नाही.

१९८६ साली नागपुरात शास्त्रज्ञांची एक बैठक झाली. संशोधन लोकांपर्यंत कसं न्यावं, असा विषय होता. आता काळ बदलला होता, वरूनच पत्रकं येत होती की जनतेशी बोला. कुणाला तरी इश्वरचं लाखनीचं काम आठवलं आणि त्याला पंधरा मिनिटं दिली. तो मला बरोबर घेऊन गेला.

व्यासपीठावर तो उभा राहिला तेव्हा हातात कागद नव्हता. त्यानं सांगितलं की एक पत्रकार माझ्याकडे आला होता, त्यानं तीन प्रश्न पाठवले होते आणि मी उत्तर दिलं नाही. एवढं बोलून तो थांबला. सभागृह वाट बघत होतं. तो पाणी प्यायला. म्हणाला, "माझ्या मित्राचं नाव खुशाल." आणि पुढे त्याला बोलता येईना. पंधरापैकी तीन मिनिटं झाली असतील. तो खाली येऊन माझ्या शेजारी बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं.

परतीच्या गाडीत तोही माझ्याबरोबर होता; त्याला खिडकीची जागा मिळाली. भंडारा जवळ आलं तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी सहा वर्षं सांगितली नव्हती.

खैरटोल्याहून पहिल्यांदा परत आलो त्या दिवशी मी घरी आईजवळ खुशालची हकीकत सांगत होतो. माझी आई, चंद्रभागाबाई, अक्षर न शिकलेली, जन्म साकोलीकडच्या एका टोल्यावरच्या वस्तीतला. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. न थांबता म्हणाली, थंड पाण्यानं कोण धुते लाखोरी? तिच्या आईकडे वाईट सालात ती उकळत्या पाण्यात टाकून पाणी फेकत, आणि त्या पाण्याला कोंबडीलाही तोंड लावू देत नसत. मी विचारलं की मग तू मला कधी सांगितलं नाही? ती म्हणाली, "तू कुठी इचारलं?" आणि बातमी मी जिथे बसून लिहिली होती, जिथे त्या तीन रिकाम्या जागा दोन गुरुवार माझ्याकडे बघत होत्या, त्या खोलीच्या भिंतीपलीकडेच तिची चूल होती.

इश्वरनं खिडकी ओढून लावली. मग म्हणाला की त्याच्या पाहणीच्या फॉर्मवर बासष्ट प्रश्न होते. घरात माणसं किती, जमीन किती, लाखोरी किती खाता, कधीपासून. कशी शिजवता, हा प्रश्न नव्हता. प्रयोगशाळेत पाण्याचं कोडं सुटायला त्याला दोन वर्षं लागली होती.

"मी आईंना भेटायला येऊ का?" त्यानं विचारलं. "त्या पाणी किती वेळा बदलायच्या, किती वेळ भिजत ठेवायच्या, ते लिहून घेतो. त्यांच्या नावानं छापू."

त्याला माहीत नव्हतं. बाजार, रजा, नागपूरच्या खेपा या सगळ्यात आमच्या घरची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, आणि मीही सांगितली नव्हती.

"आई मागच्या पौषात गेली," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. गाडी भंडाऱ्याच्या स्टँडवर लागली. त्याला पुढे लाखनीला जायचं होतं, खुशालकडे. मी उतरलो, आणि गाडी कारध्याच्या पुलाकडे वळेपर्यंत तिथेच उभा राहिलो.